कळशीच्या आतली अक्षरं

पद्मजाचा उजवा हात एका पितळी तांब्यात मनगटापर्यंत अडकला होता आणि काही केल्या बाहेर येत नव्हता.

रविवारची सकाळ, जुना बाजार, सोजरबाईची पथारी. आजूबाजूला गंजके खिळे, सायकलींच्या चेन, कुणाच्या तरी आजोबांची कवळी, कुणाच्या तरी नातवाचा पांगुळगाडा... पुण्यात जे जे म्हणून घराबाहेर काढलं जातं, ते इथे येऊन उन्हात बसतं. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एक चांगली शिकलीसवरलेली शाळामास्तरीण हातात तांब्या नव्हे, तांब्यात हात घालून उभी! तिचे कान लाल झाले होते.

"ओढू नका," शेजारून आवाज आला. "ओढलं की हात सुजतो. मग तांब्या तरी कापावा लागतो, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"तांब्याच कापलेला बरा."

तिने वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. चेहरा प्रेताला खांदा द्यायला आल्यासारखा गंभीर, पण डोळे मात्र — डोळे चक्क हसत होते.

"सोजरबाई, थोडं गोडंतेल आहे का?" त्याने विचारलं.

"गोडंत्याल कुठलं हितं? ह्यो शिवणाच्या मशीनीच्या त्येलाचा डबा हाय. त्यातलं चाललं तर बघा."

चाललं. त्याने तांब्याच्या गळ्याशी थेंब थेंब तेल सोडलं, तांब्या हळूच फिरवला आणि हात मोकळा झाला. एवढ्या वेळात त्याने तांब्याच धरला, तिचा हात धरला नाही. तेवढी रीत त्याला होती. ते आपल्या लक्षात आलं याचा पद्मजाला स्वतःचाच राग आला.

"पण हात आत घातलात कशाला? तांब्याला बाहेरून काही विचारता येत नाही?"

"नाव शोधत होते."

"नाव बाहेर असतं."

"बाहेरचं घासून घासून पुसट होतं. पण ठोकून घातलेलं नाव आतून उमटतं. उलटं. आणि आतून इतकं जोरात कोण घासतो?"

त्याने दोन बोटं आत घातली. तो डोळे मिटून चाचपडत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा खरा झाला.

"दाणे लागतायत," तो म्हणाला. "कोण आहे?"

"माझ्या कामाचं कुणी नाही." पद्मजाने तांब्या सोजरबाईला परत दिला आणि तेलकट हात कुठे पुसावा या विचारात ती उभी राहिली. त्याने रुमाल पुढे केला... तो तिने घेतला.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत जुनी. लग्नात, मुंजीत, मंगळागौरीला भांडं द्यायचं आणि कुणी कुणाला दिलं ते त्यावर तांबट आळीतून ठोकून आणायचं. माणसं जातात, भांडी राहतात. आता घरोघर स्टेनलेस स्टील येत होतं आणि पितळ-तांबं किलोवर बाहेर पडत होतं, नावांसकट. पद्मजा त्यातलं एकच नाव शोधत होती.

त्याचं नाव यज्ञेश्वर. टेलिफोन खात्यात नोकरी, शुक्रवार पेठेत एक खोली, आणि त्या खोलीत सोरे. चकलीचे, शेवेचे, पितळी, लाकडी, दांड्याचे, दाबाचे. भिंतीवर सोरे, खाटेखाली सोरे.

"तुम्हाला चकल्या करता येतात?" पुढच्या एका रविवारी अमृततुल्यात चहा पिताना तिने विचारलं.

"छे. खाता येतात."

"मग हे कशाला?"

"लहानपणी आमच्याकडे सोऱ्या नव्हता. दिवाळीला शेजारून मागून आणायचा. त्या काकू देताना दारातूनच ओरडायच्या, 'धुऊन परत द्या हं!' सगळ्या आळीला ऐकू जायचं. तेव्हाच ठरवलं, मोठा झालो की सोरे घ्यायचे आणि एकही धुवायचा नाही."

"म्हणजे? एकही?"

"मिळेल तसा ठेवायचा. कुणाच्या घरचं पीठ त्यात सुकलेलं असतं. ते त्यांचं. पुसणारा मी कोण?"

पद्मजा हसली. खूप दिवसांनी हसली, असं म्हणायला हरकत नाही.

त्या बाजारात असली माणसं बरीच होती. गोपाळकृष्ण म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर किल्ली हरवलेली कुलपंच तेवढी घ्यायचे. एखाद्याची किल्ली चुकून सापडली की दुसऱ्या दिवशी ते कुलूप विकून मोकळे. "उघडलं की त्यात काय राहिलं?" असं त्यांचं म्हणणं. पद्मजाला आणि यज्ञेश्वरला एकाच बाकावर बसलेलं पाहून ते एकदा पुटपुटले, "ही दोन्ही कुलपं दिसतायत." ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटायची कला पुण्यात पोस्टमास्तरांना उपजतच असते.

यज्ञेश्वरने एक नवी सवय लावून घेतली होती. शर्टाच्या खिशात तो खोबरेल तेलाची चपटी डबी ठेवायचा. कुणासाठी, ते बोलायचा नाही. पद्मजाने एखाद्या तांब्यात हात घातला की तो डबीचं झाकण नुसतं सैल करून उभा राहायचा... आणि तिचा हात सुखरूप बाहेर आला की जरा नाराजच दिसायचा.

एके दिवशी त्याने विचारलंच. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून, पेल्याकडे बघत. "आपण... म्हणजे तुम्ही माझ्याशी — लग्नाचा विचार कराल का?"

पद्मजा एक क्षण हसली, मग तिने पेला खाली ठेवला. "कळशी मिळाल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

"कसली कळशी?"

मग तिने सांगितलं. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. तिच्या आईची, वासंतीची, एक गंगाजमनी कळशी होती. खालून तांबं, वरून पितळ. वासंतीला तिच्या आईने दिलेली. खांद्यावर ठोकलेलं, 'चि. वासंती हिस आईकडून'. जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवलेली असायची आणि गौरी-गणपतीला तेवढी खाली यायची. पानशेत धरण फुटलं त्या दिवशी रस्त्यात पाणी दिसायला लागलं तशी सगळी वरच्या मजल्याकडे धावली. तिच्या वडिलांच्या, नानांच्या, खांद्यावर फोनोची पेटी होती. आदल्या दिवाळीला ऑफिसातल्या साहेबांनी बदली होताना दिलेला, तबकड्या वाजवायचा फोनो. घाबरलेला माणूस काय उचलेल याचा नेम नाही. आई जिन्यात थांबली. "आईची कळशी राहिली की माळ्यावर! आलेच हं मी," म्हणाली आणि उतरली.

"नानांनी तोंड उघडलं होतं," पद्मजा म्हणाली. "मला दिसलं. पण भीतीने आवाजच फुटला नाही त्यांचा. आई माळ्यावर चढली असणार, शोधत बसली असणार. पाणी एकदमच आलं."

यज्ञेश्वरच्या चहावर साय धरली.

"नाना त्यानंतर दर रविवारी मला घेऊन इथे यायचे. गाळातून काढलेली भांडी शेवटी इथेच येतात, म्हणायचे. आतून नाव वाचायला त्यांनीच शिकवलं. आता काचबिंदूने त्यांचे डोळे गेले, म्हणून मी एकटी येते. त्यांनी सांगून ठेवलंय, वासंतीची कळशी गौरीहराशी मांडीन, मगच तुला या घरातून पाठवीन."

"आणि नाही मिळाली तर?"

"दर रविवारी मी घरी गेले की ते विचारतात, 'मिळाली?' मी म्हणते, 'नाही, नाना.' ते म्हणतात, 'बरं.' तुम्ही ते 'बरं' ऐकलं नाहीये. ते ऐकून मी माझा संसार थाटायला नाही जाऊ शकत."

त्यानंतर यज्ञेश्वर कुठे कुठे हिंडला ते त्याचं त्यालाच माहीत. जुना बाजार झाला, बोहारणी झाल्या, मोडीची दुकानं झाली. पेठांतून बिऱ्हाडं हलत होती, खेड्यांतले गोठे जाऊन प्लॉट पडत होते, आणि जिथे घर रिकामं होतंय असं कानावर येईल तिथे तो सायकल मारत जायचा. भांडी उलटीपालटी करायचा, नावं वाचायचा. रविवारी बाजारात दिसेनासा झाला. पद्मजाने मनाशी म्हटलं, 'गेले वाटतं. शहाणे असतील तर जातीलच.' तरी बाकावर ती एका कडेलाच बसायची, दुसरी कडा मोकळी ठेवून.

आणि मग एका रविवारी तो आला. सायकलच्या कॅरिअरला पोत्यात बांधलेलं काहीतरी. चेहरा ओढलेला. बाकावर बसून त्याने पोतं सोडलं, आणि पद्मजाने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

खालून तांबं. वरून पितळ. खांद्यावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. 'चि. वासंती हिस आईकडून'.

"कुठे..."

"बिबवेवाडीला. शेतकरी माणसं आहेत, नवा बंगला बांधलाय. जुनं सगळं मोडीत काढत होते."

तिने कळशी मांडीवर घेतली. नावावरून बोट फिरवलं. आई गौरीच्या दिवशी ही चिंचेने घासायची, तेव्हा तिच्या बांगड्या कळशीवर वाजायच्या. तो आवाज पद्मजाला विसरायला झाला होता. तो आत्ता ऐकू आला. ती रडली. उघड्या बाजारात, पोस्टमास्तरांसमोर रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही. यज्ञेश्वर तिच्याकडे बघत होता. आनंदाच्या दिवशी माणूस असा बघत नाही. पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आली ती चमक. नावाच्या खाली, चार बोटं रुंदीची एक पट्टी बाकीच्या कळशीपेक्षा जास्त पिवळी होती. तिथला हात सुळकन घसरत होता.

"इथे काय होतं?"

"डाग होता."

"डाग?"

"हिरवट. चांगला दिसत नव्हता. पॉलिश पेपर मारला."

पद्मजाचे डोळे पुसायचे राहून गेले. "तुम्ही डाग घासला? शेजारच्या काकूंचं पीठसुद्धा न धुणारे तुम्ही?"

"पद्मजा, नका विचारू."

"काय होतं इथे?"

"ऐका माझं. ही घरी न्या, नानांना द्या. कळशी खरी आहे. त्यात काही खोटं नाही."

तिने डोळे मिटले आणि हात कळशीच्या तोंडातून आत घातला. सवयीचा हात होता. खांद्याच्या आतल्या बाजूला आधी आईचं नाव लागलं, उलटं. त्याच्याखाली आणखी दाणे. बाहेरून कितीही घासलं तरी आत तसेच राहिलेले. एकेक अक्षर बोटाखालून गेलं. 'सर्जेरावचे लग्नात मामाकडून.' आणि शेवटी आकडे. एक... नऊ... सहा... शून्य.

एकोणीसशे साठ.

पूर आला एकसष्टच्या जुलैत.

पूर यायच्या आधीच कुणा सर्जेरावच्या लग्नात ही कळशी आहेर म्हणून गेली होती. म्हणजे ती माळ्यावर नव्हतीच. आई जी शोधायला उतरली ती वस्तू त्या घरात नव्हतीच. आणि साठच्याच दिवाळीत घरी फोनो आला होता. साहेबांनी दिला म्हणे. लहानशी पद्मजा त्याच्या कर्ण्यात तोंड घालून ओरडली होती, आईने हसून कान धरला होता. आईच्या नकळत माळ्यावरून कळशी दुसरं कोण काढणार? फोनो कुठल्या साहेबाने दिला नव्हता. नानांनी तो बाजारात मिळवला होता, आणि बदल्यात काय दिलं ते तिच्या मांडीवर होतं. पुढे परत आणून ठेवू, तिला कळणारही नाही, असं त्यांना वाटलं असेल. हौशी माणसाला असंच वाटतं.

नानांनी जिन्यात तोंड उघडलं होतं. 'ती तिथे नाहीये' — एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हणाले असते तर आई आज असती.

पद्मजाने हात बाहेर काढला. यज्ञेश्वर डबीचं झाकण सैल करून बसला होता, वेड्यासारखा. तिने कळशी पोत्यात घातली आणि ती स्वारगेटच्या बसकडे चालू लागली.

पर्वतीच्या अलीकडे पूरग्रस्तांच्या वसाहतीत त्यांचं घर. नाना दाराशी खुर्चीत बसलेले. कोपऱ्यात चादरीखाली फोनो. तो पुरातून वाचला होता, पण त्यानंतर नानांनी तो कधी वाजवला नव्हता, विकूही दिला नव्हता. आज पद्मजाला त्या चादरीकडे बघवेना. बसमध्ये तिने ठरवलं होतं, कळशी त्यांच्या पायाशी आपटायची. विचारायचं, फोनो छान वाजायचा ना, नाना?

"मिळाली?" पावलांच्या आवाजावरून नानांनी विचारलं.

तिने तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. आणि मग तिला कळलं की जिन्यात नानांचं काय झालं असेल. राग गेला नाही. पण कळलं.

तिने कळशी त्यांच्या मांडीवर ठेवली.

नानांची बोटं नावावरून गेली, अक्षराअक्षराला थांबत. "वासंती," ते म्हणाले, हाक मारावी तसं. मग त्यांचा हात कळशीच्या तोंडाकडे गेला. तिने त्यांचं मनगट धरलं.

"आत बघायला नको, नाना. मी बघितलंय."

बाहेर कुणीतरी नळावर भांडणं करत होतं.

"काय लिहिलंय?"

"सर्जेराव म्हणून कुणाचं तरी लग्न आहे. साल साठ."

नानांनी मान खाली घातली. आंधळ्या डोळ्यांतूनही पाणी तसंच येतं.

"मी सांगणार होतो गं. जिन्यात. अगदी तोंडाशी आलं होतं."

"तोंड उघडलेलं मी बघितलं होतं, नाना."

ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. तिने त्यांना जवळ घेतलं नाही. पण मनगटही सोडलं नाही. कळशी कुणी हुडकून आणली ते तिने सांगितलं. संध्याकाळ झाली तेव्हा ते म्हणाले, "तो फोनो घेऊन जा इथून. आणि ज्याने ही आणली त्याला बोलाव."

पुढच्या रविवारी सोजरबाईच्या पथारीवर पद्मजाने फोनो ठेवला.

"चालतंय का ह्ये?" सोजरबाईने विचारलं.

"माहीत नाही. वाजवून बघितला नाही."

यज्ञेश्वर पलीकडे उभा होता. जवळ यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी पोस्टमास्तरांनीच त्याला कोपराने ढकललं.

"तुम्ही वाचलंत," तो म्हणाला.

"हो."

"आतूनही ठोकून सपाट केलं असतं. पण मग वरचं आईचं नावही गेलं असतं. हात धजला नाही."

"बरं झालं."

"मला वाटलं, एवढं एक तुमच्यापर्यंत पोचू नये... चुकलं माझं."

पद्मजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाने आयुष्यात एकच वस्तू घासली होती, आणि तीही तिच्यासाठी. तिला त्याचा राग आला होता हे खरं, आणि आठवडाभर तिला दुसरं कुणी आठवलं नव्हतं हेही तितकंच खरं.

"नानांनी बोलावलंय तुम्हाला," ती म्हणाली.

"कशाला?"

"पोस्टमास्तरांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं." मग तिचा आवाज उतरला. "एक अट आहे. यापुढे माझ्यासाठी काही घासून काढायचं नाही. जे असेल ते वाचायला द्यायचं. मी रडेन, भांडेन... पण वाचेन."

"कबूल."

"आणि ते सोरे धुवावे लागतील."

"सगळे?"

"एक तरी. दिवाळीला चकल्या करायच्या असतात माणसांच्या घरात."

तो हसला — नुसत्या डोळ्यांनी नाही, सगळ्या तोंडाने हसला. पहिल्यांदाच त्याने तिचा हात धरला. मध्ये तांब्या नव्हता. तिला अगदी हलकं वाटलं असं मात्र नाही. आईच्या जाण्याचं ओझं तेच होतं, फक्त आता ते काय आहे ते तिला ठाऊक होतं, आणि उचलायला जोडीला कुणी होतं.

मार्गशीर्षात लग्न झालं, साध्या कार्यालयात. गौरीहराशी उतरंड रचली आणि पुढे वासंतीची कळशी मांडली. कुणीतरी नात्यातली बाई म्हणाली, "अगं, हिच्यावर हा चट्टा कसला? जरा वळवून ठेव, भिंतीकडे कर तो." पद्मजाने ठेवली तशीच राहू दिली.

नाना कळशीजवळ पाटावर बसले होते. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडू लागल्या, लोक उठून उभे राहिले. नाना बसूनच होते. त्यांनी एक हात कळशीच्या त्या घासलेल्या जागेवर ठेवला होता, आणि शेवटच्या अक्षता पडेपर्यंत तो तिथून काढला नाही.